न दिलेला खांदा

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात देरेक विटम आमच्या वाल्देसाउसे गावात परत आला आणि चोरासारखा आपल्या घरात शिरला. एरवी त्याचं येणं साऱ्या चौकाला कळायचं. उन्हाळाभर इंग्लंडात बहिणीकडे राहायचं, वर्ग सुरू व्हायच्या सुमारास परतायचं, बसमधून उतरलं की बॅगेसकट तेओच्या बारमध्ये घुसायचं आणि "मी नसताना पत्त्यांत लबाडी कोणी कोणी केली?" असं दारातूनच विचारायचं, हा त्याचा गेल्या दहा-अकरा वर्षांचा शिरस्ता. या खेपेला बस चौकात पोचायच्या आधीच तो पेट्रोल पंपापाशी उतरला आणि जुन्या पिठाच्या गिरणीमागच्या कच्च्या वाटेनं घरी आला. बॅगेची चाकं त्या खडीवर फिरेनात, म्हणून ती छातीशी धरून आणली. आमच्या गावात लपून येता येतं असं ज्याला वाटतं, त्याला इतकी वर्षं राहून गाव कळलंच नाही म्हणायचं. देरेकनं बॅग खाली ठेवायच्या आत तो आल्याचं तेओच्या बारमध्ये पोचलं होतं.

लपायचं कारण असं, की ऑगस्टमध्ये एवेलिओ वारला होता आणि देरेक त्याला पोचवायला आला नव्हता.

एवेलिओ हा त्याचा पत्त्यांतला भिडू. जन्मभर कापणी यंत्र चालवलेला, आवाज यंत्रावरूनही ऐकू जाईल असा. देरेक नवा नवा गावात आला तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हतं. घटस्फोट झालेला, पंचेचाळिशीचा, मोजक्या शब्दांचा हा इंग्रज पुरी नावाच्या बाईच्या शिकवणीवर्गात इंग्रजी शिकवायचा आणि संध्याकाळी बारच्या कोपऱ्यात एकटा बसायचा. एक दिवस एवेलिओचा जोडीदार आजारी पडला, तसं त्यानं देरेकला कॉलर धरून टेबलाशी आणून बसवलं. मुस हा आमच्याकडचा पत्त्यांचा डाव चौघांचा, दोघांच्या दोन जोड्या, आणि त्यात भिडूला चेहऱ्यानं खुणा करायची उघड मुभा. खालचा ओठ चावला म्हणजे दोन राजे आलेत, जिभेचं टोक दाखवलं म्हणजे दोन एक्के. चेहऱ्याची घडी मोडायची नाही अशी ज्याला लहानपणापासून शिस्त, त्याला एवेलिओनं हे शिकवलं. पहिलं वर्षभर देरेक खूण करायला लागला की याची दाढ दुखतेय की काय असं सगळ्यांना वाटायचं. पुढे मात्र त्या दोघांची जोडी अशी जमली की लोक त्यांच्याशी खेळायला नको म्हणू लागले.

पत्त्यांमागून घर आलं. एवेलिओची बायको विसी हिनं देरेकला पहिल्याच हिवाळ्यात तापात पाहिलं, आणि हाडांचा रस्सा घेऊन ती त्याच्या जिन्यावर चढली ती चढलीच. रविवारचं जेवण तिच्याकडे, नाताळची रात्र तिच्याकडे. देरेक तिच्याहून पंधराएक वर्षांनीच लहान असेल, पण ती त्याला 'पोरा' म्हणायची आणि त्याच्या सदऱ्याची बटणं तपासायची. बदल्यात तो तिला इंग्रजी शिकवायचा. तिची मुलगी नुरिया इंग्लंडात ब्रिस्टलला लग्न करून राहिलेली, आणि तिची छोटी एल्सी आजीशी फोनवर इंग्रजीच बोलायची. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून विसीनं सत्तरीला टेकताना पुरीच्या वर्गात नाव घातलं होतं.

तेओचा फोन आला तेव्हा देरेक बहिणीच्या परसात बसून मुरंब्यासाठी आलुबुखारांच्या बिया काढत होता. तेओनं नेहमीसारखी शिवी दिली नाही, तेव्हाच काहीतरी वाईट घडलंय हे देरेकनं ओळखलं.

"एवेलिओ गेला रे. टोमॅटोला पाणी घालत होता, तिथंच कोसळला. उद्या संध्याकाळी नेतोय, ऊन उतरलं की. विसी म्हणाली, पुढचा डावा खांदा देरेकचा."

आणि देरेकनं, हातातलं फळही खाली न ठेवता, सांगितलं की तिकीट मिळणार नाही, ऑगस्ट आहे, विमानं सगळी भरलेली असतात. त्यानं पाहिलं नव्हतं. पाहायला किती वेळ लागला असता? फोन तर हातातच होता. पलीकडून तेओ म्हणाला, बघ काही जमतंय का. "बघतो," देरेक म्हणाला. आणि मग त्यानं बिया काढायचं काम पुढे चालू केलं.

त्याला भीती वाटली होती. स्वतःच्या बापाच्या अंत्यविधीला तो काळा कोट घालून बसला होता, थोडं गायले, थोडं खाल्लं, सगळे आपापल्या घरी गेले, कोणाचा आवाज चढला नाही. आमच्याकडचे अंत्यविधी त्यानं पाहिले होते. बायका शवपेटीवर पडतात, पुरुष रुमाल न काढता रडतात, आणि मग घरच्यांची रांग लागते आणि सारं गाव एकेकाला कवटाळत पुढे सरकतं. एवेलिओची पेटी खांद्यावर आली की आपण चारचौघांत मोठ्यानं रडणार हे देरेकला पक्कं ठाऊक होतं, आणि ते दृश्य त्याला डोळ्यांसमोर आणवेना. भीतीला थोडा आळसही चिकटला होता, हेही सांगायला हवं. बहिणीनं दुसऱ्या दिवशी समुद्रावर जायचं ठरवलं होतं. तो गेला. तळलेला मासा खाल्ला. संध्याकाळी तिकडची वेळ आणि आमची वेळ यांचा हिशेब करून त्यानं घड्याळाकडे एकदा पाहिलं, मग घड्याळ काढून खिशात ठेवलं.

आता आमच्याकडे रीत अशी आहे की मयताला येता आलं नाही तर आल्याबरोबर आधी त्या घरी जायचं. पाव नंतर, कॉफी नंतर. जायचं, दोन शब्द बोलायचे, बसायचं. महिन्यांनी गेलात तरी चालतं, पण जाईपर्यंत त्या घरच्यांना रस्त्यात सहज म्हणून भेटता येत नाही. देरेकला हे पाठ होतं. त्यानं स्वतः इथं कितीतरी घरी जाऊन ते केलं होतं, एवेलिओच्या बरोबरीनं, त्याच्या मागे उभं राहून. पण आता पुढे एवेलिओ नव्हता.

पहिल्या दिवशी त्यानं ठरवलं की प्रवासाचा शीण आहे, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी रविवार होता, रविवारी तिच्याकडे माणसं असतील. तिसऱ्या दिवशी त्यानं सदऱ्याला इस्त्री केली, तो घातला, आरशासमोर उभा राहिला आणि काढून ठेवला. मग त्यानं स्वतःला एक इंग्रजी समजूत घातली, की दुःखातल्या माणसाला एकांत द्यावा, उगाच जाऊन जखम उघडी करू नये. त्याच्या मुलखात खरंच असं करतात आणि त्याला सभ्यता म्हणतात. त्यामुळे ही समजूत त्याला फार सोयीची पडली.

होनोरिनाची बेकरी विसीच्याच गल्लीत, म्हणून तो पाव बाहेरच्या मोठ्या दुकानातून आणू लागला, प्लास्टिकच्या पिशवीतला. बारमध्ये तर तो फिरकेचना. शिकवणीवर्गाला जायचा सरळ रस्ता चौकातून, पण तो चर्चच्या मागून वळसा घालून जायचा. एकदा वळसा घालूनही विसी समोरून आलीच. काळा ब्लाउज, काळा स्कर्ट, हातात बाजाराची गाडी ओढत. देरेक हाताशी होतं त्या दुकानात घुसला. ते बटणं-दोऱ्यांचं दुकान निघालं. दुकानाची मालकीण पाकिता म्हणाली, काय हवंय, तर त्यानं निळी चेन मागितली. कशाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. काचेतून विसी पुढे गेलेली त्यानं पाहिली. तिनं मान वळवली नाही. पाहिलं नसेल, असं त्यानं मनाला समजावलं, पण पाकिता मात्र चेन कागदात गुंडाळताना त्याच्याकडे अशा नजरेनं पाहत होती की सुट्टे पैसे घ्यायलाही तो थांबला नाही.

तेओनं त्याला अखेर सकाळी कचऱ्याच्या डब्यांपाशी गाठलं. तेओ जाडजूड माणूस, हातात रिकाम्या बाटल्यांचा क्रेट. त्यानं तो मुद्दाम वाटेत ठेवला.

"गेला होतास विसीकडं?"

देरेक म्हणाला की अजून नाही, तिला त्रास नको म्हणून. थोडं एकटं राहू द्यावं तिला.

"एकटं?" तेओ म्हणाला. "अरे इंग्रजा, आख्खा जन्म दोघं एका टेबलाशी जेवली. आता ती स्वयंपाकघरात एक ताट मांडते. अजून किती एकटं राहू देणारेस?"

तेओचा आवाज मग जरा उतरला. जा बाबा, म्हणाला, दार उघडंच असतं, जा, बस, रड, कॉफी पी आणि नीघ, इतकी माणसं जाऊन आली, कोणी मेलं नाही. देरेकनं उद्या जातो असं कबूल केलं. तेओनं बाटल्यांचा क्रेट उचलला आणि निघून गेला. तिकिटाबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नाही. देरेकला त्या वेळी तेवढंच बरं वाटलं.

तो उद्या काही आला नाही. आला तो वर्गाचा दिवस.

पुरीचा शिकवणीवर्ग औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर. दिवसभर तिथं शाळेची पोरं, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग. होनोरिना बेकरीवाली, निवृत्त पोस्टमन सातूर, दोघी-तिघी आणखी, आणि विसी. विसी या वर्षी येणार नाही याबद्दल देरेकला खात्री होती. नुकती नवरा गेलेली बाई इंग्रजीच्या वर्गाला कशाला येते?

सप्टेंबरातला त्याचा पहिला पाठ वर्षानुवर्षं एकच. उन्हाळ्यात काय केलंस ते प्रत्येकानं इंग्रजीत सांगायचं आणि मग शेजाऱ्याला तोच प्रश्न विचारायचा. एका वाक्यावर सुटायचं नाही, तीन तरी सांगायचीच, आणि ऐकणाऱ्यानं शेवटी 'छान' म्हणायचं, हा देरेकचा नियम. हा पाठ इतका घोटलेला होता की त्याला तयारी लागत नसे, आणि विद्यार्थीही घरूनच वाक्यं जुळवून यायचे. या वर्षी मात्र देरेकनं मुद्दाम वेगळं काही आणलं होतं, रेल्वेच्या वेळापत्रकावरचा धडा. तेवढी सावधगिरी त्यानं बाळगली होती.

सगळे बसले, त्यानं कागद वाटायला घेतले, आणि दार उघडून विसी आत आली. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला, नेहमीच्या जागी बसली, चष्मा लावला. कोणी काही बोलेना. देरेकच्या हातातले कागद तसेच राहिले. त्या वेळी त्यानं चार पावलं चालत जाऊन तिचा हात हातात घेतला असता तरी सगळं निभावलं असतं, उशिरा का होईना. तो टेबलामागेच उभा राहिला.

होनोरिना बिचारी मनानं चांगली. ती शांतता तिला सोसवेना. तिनं नेहमीच्या सवयीनं इंग्रजीत सुरुवात करून टाकली. मी बहिणीबरोबर समुद्रकाठी खिखोनला गेले, रोज पाऊस पडला, आम्ही मासे खाल्ले. "आणि तू, सातूर, तू काय केलंस?" सातूरनं सांगितलं की तो कुठेच गेला नाही, त्यानं भिंतीला चुना दिला, त्याची पाठ दुखली. चक्र सुरू झालं. देरेकला ते थांबवता आलं असतं, पण थांबवायचं तर का थांबवतोय ते सांगावं लागलं असतं. तो हातातले कागद उगाच जुळवत राहिला आणि प्रश्न एकेका खुर्चीवरून पुढे सरकत विसीपाशी आला.

विसीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. तिचं इंग्रजी लहान लहान वाक्यांचं, एकेक वाक्य विटेसारखं नीट ठेवत जाणारं. ती आजही तशीच बोलली.

"ऑगस्टमध्ये माझा नवरा मेला. माझी मुलगी ब्रिस्टलहून आली. त्याच रात्री आली, विमानानं." ती थांबली, पुढचा शब्द शोधला. "विमानात माणसं थोडी होती. खूप जागा रिकाम्या होत्या. माझी नात तीन खुर्च्यांवर आडवी झोपली."

नुरिया इंग्लंडात राहते हे देरेकला ठाऊक नव्हतं का? रविवारच्या जेवणानंतर तो कितीदा तिच्याशी फोनवर बोलला होता. पण त्या दिवशी आलुबुखार हातात धरून खोटं बोलताना ती त्याच्या ध्यानातच आली नव्हती. ज्या घरची लेक त्याच रात्री तिथूनच विमानात बसून आली, त्या घरच्यांना त्यानं सांगितलं होतं की विमानं भरलीत. म्हणजे तेओला ठाऊक होतं. पाकिताला ठाऊक होतं. होनोरिनाला, सातूरला, पाद्रीबाबांना, सगळ्यांना पेटी उचलायच्या आधीच ठाऊक होतं, आणि इतके दिवस तो चर्चमागून वळसे घालत होता ते गाव खिडकीतून बघत होतं. कोणी त्याला तोंडावर खोटारडा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

विसी बोलली ती टोचून बोलली का, हे त्याला आजही सांगता यायचं नाही. इतरांसारखीच ती घरून वाक्यं जुळवून आली होती, आणि त्या उन्हाळ्यात तिच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काय होतं? वर्तुळात तिच्यानंतर मास्तरच उरला होता. तिनं नियमाप्रमाणं मान त्याच्याकडे वळवली.

"आणि तू? उन्हाळ्यात तू काय केलंस?"

"मी बहिणीकडे होतो," देरेक म्हणाला.

सगळे थांबले. एका वाक्यावर सुटायचं नसतं.

"आम्ही मुरंबा केला," तो म्हणाला. आणि मग, कारण दुसरं काहीच सुचेना आणि आणखी एक खोटं बोलायची ताकद नव्हती, "एक दिवस समुद्रावर गेलो."

"कधी?" सातूरनं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. ऐकणाऱ्यानं पुढचा प्रश्न विचारावा हेही देरेकनंच शिकवलं होतं.

"ऑगस्टमध्ये."

विसीनं मान हलवली. "छान," ती इंग्रजीत म्हणाली.

उरलेला तास त्यानं कसा घेतला ते विचारू नका. गाड्यांच्या वेळा वाचून दाखवल्या, फळ्यावर काहीतरी लिहिलं, पुसलं. वर्ग सुटल्यावर विसी सगळ्यांच्या आधी निघाली. होनोरिना मागे रेंगाळली, तिला काही बोलायचं होतं बहुधा, पण मास्तरच्या चेहऱ्याकडे पाहून तीही जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. चौकातून, सरळ रस्त्यानं, तेओच्या बारवरून, बेकरीवरून. इस्त्री केलेला सदरा घातला नव्हता, त्या गोष्टी आता सुचत नव्हत्या. विसीचं दार खरंच उघडं होतं. आतून भाजलेल्या मिरच्यांचा वास गल्लीभर सुटला होता. सप्टेंबरात आमच्याकडे घरोघरी मोठ्या तांबड्या मिरच्या भाजून बरण्यांत भरतात. एवेलिओ असला की विस्तव तो सांभाळायचा. स्वयंपाकघरात विसी एकटीच बसली होती, पुढ्यात परात, काळवंडलेली सालं काढत.

देरेक उंबऱ्याशी थांबला आणि इथं म्हणतात ते शब्द म्हणाला, की तुझ्या दुःखात मी तुझ्यासोबत आहे. आपलेच शब्द कानावर आले तेव्हा त्याला त्यांची लाज वाटली. ज्याला सोबत म्हणतात ती तर त्यानं दिलीच नव्हती.

"बस," विसी म्हणाली.

तो बसला. रडू येईल म्हणून जो माणूस इतका पळाला, त्याला आता रडू येईना. विसीनं उठून कॉफी ठेवली नाही, हात मिरच्यांनी माखले होते. ती सालं काढत राहिली.

"मी तिकीट बघितलंच नव्हतं," शेवटी तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मला भीती वाटली, विसी."

"कशाची?"

"रडायची. सगळ्यांसमोर."

विसीनं हातातली मिरची परातीत ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं, आजारी पोराकडे बघावं तसं, पण हात पुढे केला नाही.

"तिथं सगळंच गाव रडत होतं, पोरा. तुझ्याकडं कोण बघणार होतं?"

मग ती सांगू लागली, पुन्हा सालं काढत, आवाज न चढवता. संध्याकाळची बस यायची होती म्हणून सगळे चौकात थांबले होते. पाद्रीबाबा घाई करत होते, त्यांना अजून एका गावी जायचं होतं. पण तेओ म्हणाला, देरेक 'बघतो' म्हणालाय, आणि तो बोलण्याचा पक्का आहे. नुरिया म्हणाली होती, आई, विमानात जागा होत्या. तरी विसी म्हणाली, दुसऱ्या विमानात नसतील, तो येईल, थांबा थोडं. पेटी चर्चच्या पायऱ्यांवर ठेवून सगळे उन्हात उभे. बस आली. ड्रायव्हर उतरला, त्यानं टोपी काढली, मागचं दार उघडलं. दुसरं कोणीच उतरलं नाही. ड्रायव्हरला बिचाऱ्याला कळेना, सगळं गाव आपल्याकडे असं का बघतंय.

देरेक म्हणाला, पुरे कर. अगदी हळू म्हणाला. विसीनं ऐकलं असेल किंवा नसेल.

"मग उचलायची वेळ झाली. पुढचा डावा कोपरा रिकामा. सातूर पुढं झाला, पण तो बुटका, पेटी कलली असती. तेव्हा नुरियानं उंच टाचांचे बूट काढले आणि खांदा लावला. मी नको नको म्हणत होते. आमच्या गावात आजवर कुठल्या लेकीनं बापाला खांदा दिला नव्हता. पण तिची उंची तुझ्याएवढी. पेटी सरळ राहिली."

देरेकनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला दिसू नये म्हणून नव्हे. तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून. नुरियाचे अनवाणी पाय आणि चौकातले तापलेले दगड, एवढंच त्याला दिसत राहिलं.

विसीनं परात बाजूला सारली आणि हात धुतले. फडक्यानं एकेक बोट पुसत ती त्याच्या समोर येऊन बसली. मिरच्यांचा रंग तिच्या नखांत राहिला होता.

"एक काम आहे तुझ्याकडं," ती म्हणाली. "बस यायची होती तेव्हा एल्सी माझा हात धरून उभी होती. ऊन लागत होतं तिला. तिनं इंग्रजीत विचारलं, आपण कोणाची वाट बघतोय? तेवढं मला समजलं. मी म्हटलं, आजोबांच्या मित्राची. तेवढं मला बोलताही आलं. आता रविवारी फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो तिचा. तो मित्र आला का? मी दर वेळी म्हणते, नाही आला. या रविवारी परत विचारेल."

"सांग तिला, आला म्हणून," देरेक म्हणाला.

विसीनं ते इंग्रजीत म्हणून पाहिलं. आला. दोनदा म्हटलं, जिभेवर बसेपर्यंत. मग मान हलवली.

"आणि इतके दिवस कुठं होता म्हणाली तर?"

देरेकनं तोंड उघडलं. इंग्रजी त्याची मायबोली, अर्धं आयुष्य त्यानं ती दुसऱ्यांना शिकवून पोट भरलेलं. त्याच्या तोंडून काही बाहेर पडेना.

विसी वाट बघत राहिली.

"सांग ना," ती म्हणाली. "माझं इंग्रजी तेवढं नाही."